आधी जागरण विचारा, मग पुस्तक सुचवा

तुमचा प्रश्न मला असा कळला. बावधनच्या तुमच्या सोसायटीत आठ जणांचा वाचनगट आहे. महिन्याला एक पुस्तक सगळ्यांनी वाचायचं आणि शेवटच्या रविवारी कोणाच्या तरी घरी बसून त्यावर बोलायचं, असं ठरलंय. तिघांना इतिहास हवा, दोघींना खऱ्या गुन्ह्यांची पुस्तकं, बाकीच्यांना थरार. पुस्तक सुचवायचं काम तुमच्याकडे आलं आणि पहिली दोन्ही फसली. जाडजूड इतिहासग्रंथ दोघांनीच संपवला. नंतरची परदेशी रहस्यकादंबरी इतिहासवाल्या काकांनी तिसऱ्या दिवशी परत केली. म्हणून तुम्ही तिन्ही प्रकारांतली चांगली पुस्तकं विचारताय.

पुस्तकं सांगतेच. पण नुसत्या नावांनी तुमचं काम होईल असं मला वाटत नाही. सदाशिव पेठेतलं आमचं वाचनालय सासऱ्यांनी सुरू केलं आणि गेली सव्वीस वर्षं मी काउंटरवर बसते. "काहीतरी इतिहासाचं द्या" म्हणणाऱ्या दोन माणसांना एकच पुस्तक दिलं, तर एक जण ते चार दिवसांत संपवून पुढचा भाग मागतो आणि दुसरा तीन आठवड्यांनी न वाचता आणून ठेवतो, हे मी शेकडो वेळा पाहिलंय. आवडीचा विषय विचारून पुस्तक दिलं की ते बहुतेक वेळा चुकतं.

परत आलेल्या पुस्तकातली खूण बघायची सवय मला सासऱ्यांनी लावली. पूर्वी पीएमटीची तिकिटं असायची, आता गोळ्यांच्या पाकिटाची पट्टी, विजेच्या बिलाचा तुकडा, मुलाच्या वहीचं पान. खूण कुठे अडकलीय त्यावरून वाचक कुठे थांबला ते कळतं. इतिहासाच्या ग्रंथांत ती बहुतेकदा प्रस्तावनेत किंवा पहिल्या वंशावळीपाशी असते. रहस्यकथेत सहसा दोन ठिकाणी: अगदी सुरुवातीला पात्रांची गर्दी होते तिथे, नाहीतर मध्यावर, कोणी केलं याचा अंदाज आल्यावर. पुस्तक वाईट असतं म्हणून हे होतं असं नाही. त्या वाचकाला त्या पुस्तकात स्वतःसाठी काही सापडलेलं नसतं.

म्हणून मी तीन गोष्टी विचारते. शेवटचं जागरण कुठल्या पुस्तकाने घडवलं? कुठलं अर्ध्यावर ठेवलं आणि कुठे? आणि सगळ्यात उपयोगाचा प्रश्न: वाचल्यावर घरच्यांना काय सांगितलंत? कोणी म्हणतं, "मी सांगितलं, तो तुरुंगातून कसा निसटला ते." त्याला घटना हवी. कोणी म्हणतं, "इतक्या साध्या घरातला मुलगा असं का करतो, यावर आम्ही बोललो." त्याला माणूस हवा. आणि एखादा म्हणतो, "सगळे सांगतात तसं ते झालंच नव्हतं, कागद वेगळंच म्हणतात." त्याला पुरावा हवा. तुमचे इतिहासवाले काका मला या शेवटच्या जातीतले वाटतात आणि गुन्ह्यांची पुस्तकं मागणाऱ्या दोघींपैकीही एक निघेल. असे दोघे वेगवेगळ्या कपाटांसमोर उभे असले तरी त्यांना पुस्तक एकच चालतं.

काही गोष्टी परिस्थितीवर आहेत, त्या तुम्हालाच ठरवाव्या लागतील. आठही जण इंग्रजी सहज वाचतात का? रोज अर्धा तास मिळतो की फक्त रविवार? आठ प्रती मिळतील का? जुनं मराठी पुस्तक असेल तर अप्पा बळवंत चौकात आधी चौकशी करा, पुनर्मुद्रण नसेल तर दोन प्रती फिरवाव्या लागतात आणि मग महिना पुरत नाही. आणि गटातल्या कोणाच्या आयुष्यात काय घडून गेलंय, हेही. त्याकडे पुढे येते.

तुमच्या गटासाठी पहिलं पुस्तक मी डोळे मिटून सांगेन: विष्णुभट गोडसे वरसईकर यांचं 'माझा प्रवास'. पेणजवळच्या वरसईचे हे भिक्षुक. घरावर कर्ज. मथुरेला बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, असं कळल्यावर आपल्या काकांना घेऊन उत्तरेकडे निघाले. साल १८५७. पुढे काय वाढून ठेवलंय ते वाचकाला ठाऊक असतं, त्यांना नसतं, आणि त्या एका फरकावर सगळा ताण उभा राहतो. इंग्रजांचा वेढा पडला तेव्हा ते झाशीत होते. शहर पडल्यावरची लूट आणि कत्तल त्यांनी आतून पाहिली. शेवटी कमाई लुटारूंच्या हाती गेली, पण गंगेची कावड त्यांनी घरी आणली आणि आईवडिलांना स्नान घातलं.

यातला एक प्रसंग मी दर वेळी थांबून वाचते. काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी राणी लक्ष्मीबाई भेटतात. तहानेने व्याकुळ, धुळीने भरलेल्या. भटजी पाणी काढून द्यायला पुढे होतात, तर त्या म्हणतात, तुम्ही विद्वान ब्राह्मण, तुम्ही माझ्यासाठी पाणी काढू नका. मग स्वतः मडक्याने पाणी काढून ओंजळीने पितात. चित्रांतली, पुतळ्यांतली राणी आपण लहानपणापासून पाहतो. इथे ती तहानलेली बाई म्हणून समोर उभी राहते. घटना, माणूस, पुरावा, तिन्ही वाचकांना हे पान पुरतं. तुमच्या इतिहासवाल्या काकांसाठी आणखी एक गोष्ट आहे: हे पुस्तक १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी प्रथम छापलं तेव्हा मूळ लिखाणात बदल केले होते. मुळाबरहुकूम आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली काढली. दोन्ही आवृत्त्या मिळाल्या तर काकांना एक प्रसंग ताडून बघायला सांगा, ते महिनाभर रमतील.

दुसऱ्या महिन्याला ना. सं. इनामदारांची 'झेप' घ्या. इनामदार म्हटलं की लोक 'राऊ' मागतात, 'झेप' कपाटात राहते, याचं मला वाईट वाटतं. ही कादंबरी दुसऱ्या बाजीरावाच्या कारभाऱ्याची, त्रिंबकजी डेंगळ्यांची. त्यामागचा खरा इतिहास तुमच्या गटासाठी बेतल्यासारखा आहे. बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन १८१५ च्या जुलैत पंढरपुरात मारले गेले. पुण्यातला इंग्रज रेसिडेंट, म्हणजे दरबारातला कंपनीचा प्रतिनिधी, एल्फिन्स्टन याने ठपका त्रिंबकजींवर ठेवला, पेशव्यांवर दबाव आणून त्यांना ताब्यात घेतलं आणि ठाण्याच्या किल्ल्यात ठेवलं. पहाऱ्यावर गोरे शिपाई, त्यांना मराठी कळत नव्हतं. किल्ल्यात चाकरीला राहिलेला एक मोतद्दार, म्हणजे घोडे सांभाळणारा, खिडकीखाली घोड्याला खरारा करताना गाणं म्हणायचा आणि निसटायचा बेत त्या गाण्यातून आत पोचायचा. १८१६ च्या सप्टेंबरात त्रिंबकजी निसटले.

खून, तपास, तुरुंगफोड आणि वर पेशवाईचा शेवट जवळ आलेला. खून त्यांनीच करवला होता का, यावर तुमची बैठक रंगेल, कारण आरोप ठेवणाऱ्याचा त्यात राजकीय फायदा होता. कादंबरी कादंबरीकाराच्या बाजूने बोलते, हे मात्र गटाला आधी सांगा. ऐतिहासिक कादंबरी देताना मी नेहमी सोबत एक जोड देते. रणजित देसाईंच्या 'स्वामी'ला रियासतकार सरदेसायांच्या 'मराठी रियासती'तला माधवरावांचा भाग. विश्वास पाटलांच्या 'पानिपत'ला शेजवलकरांचं 'पानिपत : १७६१'. कादंबरी आधी वाचू द्यावी. माणसं ओळखीची झाली की मग सैन्य, रसद, पैसा यांची प्रकरणं जड जात नाहीत. तुमचा तो पहिला ग्रंथ फसला त्याचं कारण मला हेच दिसतं: ओळख व्हायच्या आधीच हिशेब समोर आला.

जोड का हवी याचं एक उदाहरण. "आनंदीबाईने ध चा मा केला" हे वाक्य काउंटरवर मला खात्रीच्या सुरात ऐकू येतं. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात गारद्यांनी अठरा वर्षांच्या नारायणरावांना मारलं, हे पक्कं. रामशास्त्री प्रभुण्यांनी राघोबादादांना दोषी धरलं, हेही. पण एक अक्षर बदललेल्या त्या कागदाची गोष्ट दंतकथा म्हणूनच धरावी लागते, आणि तिच्या जोरावर एका बाईला अडीचशे वर्षं खुनी म्हटलं जातंय. पुराव्याच्या वाचकाला हे सांगितलं की तो जागा होतो आणि पुढची दहा पुस्तकं स्वतः शोधतो.

काकांना थरारकादंबरीकडे आणायचं असेल तर याच वाटेने आणा. जोसेफिन टे यांची 'द डॉटर ऑफ टाइम', १९५१ ची. पाय मोडून रुग्णालयात पडलेला पोलीस अधिकारी एका चित्रातला चेहरा पाहतो. तो तिसऱ्या रिचर्डचा, आपल्या दोन पुतण्यांना मारल्याचा आरोप असलेल्या इंग्लंडच्या राजाचा. मग पलंगावरून, कागद मागवून, साडेचारशे वर्षांपूर्वीच्या खुनाचा तपास चालतो. पाठलाग नाही, बंदूक नाही. तिचा निष्कर्ष सगळ्या इतिहासकारांना मान्य नाही, आणि बैठकीला ते बरंच आहे. माझ्याकडच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी आयुष्यात रहस्यकथा हातात घेतली नव्हती, त्यांनी ही सलग दोनदा वाचली.

घटनेच्या वाचकाला फ्रेडरिक फोर्सिथ यांची 'द डे ऑफ द जॅकल' द्या. फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांना मारायला भाडोत्री मारेकरी निघतो. पुस्तक १९७१ ला आलं. त्याच्या आदल्या वर्षी द गॉल घरी, नैसर्गिक मृत्यूने गेले होते. म्हणजे बेत फसणार हे वाचकाला पहिल्या पानापासून माहीत असतं आणि तरी पुस्तक खाली ठेवता येत नाही. याचं कारण मला असं दिसतं की फोर्सिथ प्रत्येक पायरी कामाच्या तपशिलाने दाखवतात: खोटा पासपोर्ट कसा मिळवायचा, बंदूक कशी लपवायची. सुरुवातही १९६२ मध्ये पॅरिसजवळ झालेल्या खऱ्या हल्ल्याच्या कटवाल्याच्या शिक्षेने होते. त्यामुळे इतिहासवाल्यांचीही तक्रार राहत नाही.

मराठीतल्या थराराबद्दल थोडक्यात. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळा पहाड ही नावं ऐकली की सत्तरीतले वाचक खुर्ची ओढून बसतात. सुहास शिरवळकरांचा बॅरिस्टर अमर विश्वास आणि दारा बुलंद चाळिशीच्या पुढच्यांना अजून हवे असतात. घरी वाचायला हे सगळं झकास, पण गटासाठी मी सुचवणार नाही, कारण कोडं सुटलं की बोलायला फारसं उरत नाही. गटाला शशी भागवतांची 'मर्मभेद' द्या. काल्पनिक राज्य, राजवाड्यातली कारस्थानं, एकापाठोपाठ एक डाव, आणि भाषा अशी भरजरी की सुरुवातीची पन्नास पानं नेटाने वाचावी लागतात. तेवढा नेट केला की पुढे आठवडाभर स्वयंपाक करपतो.

आता खऱ्या गुन्ह्यांची पुस्तकं. इथे मी सगळ्यात जपून असते आणि त्याला कारण आहे.

काही वर्षांपूर्वी एका बाईंनी "पुण्यातलंच काहीतरी द्या, खरं घडलेलं" असं म्हणून पुस्तक मागितलं. मी जोशी-अभ्यंकर खून खटल्यावरचं वाचन दिलं. १९७६-७७ मध्ये टिळक रस्त्यावरच्या कला महाविद्यालयातल्या चौघा तरुणांनी या शहरात दहा माणसं मारली. २७ नोव्हेंबर १९८३ ला त्यांना येरवड्यात फाशी झाली. बाई दुसऱ्याच दिवशी आल्या. पुस्तक काउंटरवर ठेवलं, हात त्याच्यावरच. म्हणाल्या, "मी तेव्हा दहा वर्षांची होते. आमच्या घराला त्या हिवाळ्यात वडिलांनी दुसरी कडी बसवली. सातला दार लागलं की दूधवाल्यालासुद्धा आई खिडकीतून भांडं द्यायची. मला वाटलं होतं आता वाचू शकेन." त्या बसल्या, मी पाणी दिलं, आणि अर्धा तास त्या कडीबद्दल बोलत होत्या. चूक माझी होती. पुण्यातलं असं त्या म्हणाल्या तेव्हाच मी वय आणि तेव्हाचं घर विचारायला हवं होतं.

तेव्हापासून गटासाठी सुचवताना माझं पथ्य असं. खटल्याचा शेवटचा निकाल लागलेला असावा. शक्यतो दोन पिढ्या मध्ये गेलेल्या असाव्यात. आणि लेखकाला मारेकऱ्याइतकीच गेलेल्या माणसांची ओळख असावी. शेवटचं बघायची माझी रीत सोपी आहे: पुस्तक मधोमध उघडून दहा पानं वाचते. मेलेला माणूस काय काम करायचा, कोणावर त्याची माया होती, हे त्या दहा पानांत कुठेच नसेल तर मी ते गटाला देत नाही.

या पथ्यात बसणारं सगळ्यात चांगलं पुस्तक म्हणजे डेव्हिड ग्रॅन यांचं 'किलर्स ऑफ द फ्लॉवर मून'. अमेरिकेत ओक्लाहोमातल्या ओसेज या मूळनिवासी जमातीच्या जमिनीखाली तेल निघालं. तेलाचा वाटा वारशाने मिळायचा, आणि १९२० च्या दशकात एकेका घरातली माणसं मरू लागली. कोणी गोळीने, कोणी विषाने, एक घर स्फोटाने. ग्रॅन एका ओसेज बाईच्या घरातून सुरुवात करतात, तपास नंतर येतो. आणि खटला संपला असं वाटतं तिथे शेवटचा भाग सुरू होतो, ज्यात ते स्वतः जुने कागद उघडतात आणि न तपासलेले मृत्यू किती होते ते दिसतं. तुमच्या पुरावावाल्यांना हा भाग द्या.

ट्रूमन कपोटी यांचं 'इन कोल्ड ब्लड' वाचायला मिळालं तर वाचा, लिखाण अप्रतिम आहे. कॅन्ससमधल्या एका शेतकरी कुटुंबाच्या १९५९ मधल्या खुनांचं हे पुस्तक १९६६ ला आलं. पण गटाला आधीच सांगा की शेवटचा स्मशानातला प्रसंग घडलेला नाही, तपास अधिकाऱ्याने स्वतः तसं सांगितलंय. खरी हकीकत म्हणून विकलेल्या पुस्तकात असा एक प्रसंग मिसळला की आधीच्या पानांवरचा विश्वास किती ठेवायचा, यावर एक अख्खी बैठक होते.

आपल्याकडचं म्हणाल तर धवल कुलकर्णी यांचं बावला खून खटल्यावरचं इंग्रजी पुस्तक. १२ जानेवारी १९२५, मलबार हिलवर मोटार अडवून अब्दुल कादर बावला या व्यापाऱ्याला मारलं गेलं. हल्लेखोरांना हवी होती त्याच्यासोबतची मुमताज बेगम, इंदूरच्या दरबारातून निघून आलेली. प्रकरण तुकोजीराव होळकरांपर्यंत पोचलं आणि पुढच्या वर्षी त्यांना गादी सोडावी लागली. संस्थानांचं राजकारण, पोलीस तपास आणि परत न जाण्याचा हट्ट धरलेली एक बाई, सगळं त्यात आहे. तुमच्या तिन्ही तटांना हे चालेल.

जोशी-अभ्यंकर प्रकरणातल्या एका आरोपीचं, मुनव्वर शाहचं, तुरुंगात लिहिलेलं आत्मकथन 'येस, आय अ‍ॅम गिल्टी' याबद्दलही तुम्हाला कोणीतरी सांगेलच. 'हे असं का झालं' विचारणाऱ्या वाचकाला ते मी एकट्याने वाचायला देते, वर सांगितलेली चौकशी करून. पुण्यातल्या गटात ते नको. आठ जणांत एखाद्या घराला तेव्हा दुसरी कडी बसलेली असू शकते.

तर येत्या महिन्याला 'माझा प्रवास', त्यानंतर 'झेप', मग बावला खटला किंवा ओसेजचं पुस्तक, आणि चौथ्या महिन्याला काकांच्या हातून 'द डॉटर ऑफ टाइम' सुचवून घ्या. 'मर्मभेद' मे महिन्यासाठी ठेवा, सुट्टीत जाडी जाणवत नाही. येत्या रविवारी मात्र पुस्तकावर बोलायच्या आधी आठही जणांना शेवटचं जागरण विचारा आणि उत्तरं वहीत लिहून घ्या. 'माझा प्रवास' वाटताना पहिलं प्रकरण घरी वाचायला सांगू नका. तिथेच सगळे मिळून मोठ्याने वाचा. जुनं मराठी डोळ्यांना अडतं, कानांना अडत नाही. आणि विहिरीचं पान काकांना वाचू द्या.